खड्ड्यातले उत्तर

ज्या सकाळी कंपनीचा मेलबॉक्स रिकामा सापडला, त्या सकाळी मी ऑफिसातल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, वायरींच्या गुंत्यात पालथा पडलो होतो. बंद फोनला काय ऐकू येणार, असे तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, भिंतीला कान असतात हे तुम्ही बिनतक्रार मान्य करता. मग मला तर बनवलेच आहे ऐकण्यासाठी.

पहिला आवाज मॅडमचा होता.

"इथे काहीच नाहीये!" खुर्ची मागे सरकली. "काहीच म्हणजे काहीच नाही. सगळे मेल गेले! कुणी हात लावला होता का कॉम्प्युटरला?"

मॅडम आमच्या कंपनीच्या मालकीण. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. कोणत्या इमारतीची लिफ्ट कधी अडकली, कोणता दोर कधी बदलला, कोणत्या मजल्याचे दार हट्टी आहे, हे सगळे त्या एका मेलबॉक्समध्ये होते. तक्रारी तिथेच येत, कामे तिथूनच निघत, आणि झाडून सगळ्या मेकॅनिकांच्या फोनवर तोच एक मेलबॉक्स दिसे. तो गेला म्हणजे कंपनीची स्मरणशक्तीच गेली.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावणे गेले. याला मेकॅनिक मंडळींनी 'पासवर्ड' असे नाव ठेवले होते, कारण दारात पाऊल टाकल्या टाकल्या, कुशल विचारायच्या आधी, तो "पासवर्ड काय?" असे विचारी. त्या दिवशी त्याने तेही विचारले नाही. बराच वेळ बटणे वाजत राहिली. मग तो म्हणाला, "पुसलेले मेल जिथे जातात ना, ती कचरापेटीपण रिकामी आहे."

"मग आता?" मॅडमनी विचारले.

बटणे वाजायची थांबली. हा माणूस बटणे सोडून बसला म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला खणातसुद्धा कळले.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी अवजारांची पिशवी खाली ठेवली. ती ठेवण्याची पद्धत मी हजारांत ओळखीन. आधी हळूच टेकवायची, मग बंद सैल सोडायचा. त्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मी कितीतरी वर्षे राहिलो आहे. ते मिस्त्री होते. आमचे मुख्य मेकॅनिक.

"तिचेपण गेले?" मिस्त्रींनी विचारले.



ही 'ती' कोण आणि मी कोण, ते आता सांगतो.

मी कंपनीचा एक जुना मोबाइल आहे. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला पुसूनपासून खोक्यात बसवले. त्या खोक्यात बसून मी मोठी स्वप्ने पाहिली. आपल्याला एखादा टायवाला साहेब घेईल, काचेच्या टेबलावर ठेवील, बोटाच्या टोकाने हळूच दाबील. प्रत्यक्षात नशिबात होते ग्रीस. खोके उघडले ते मिस्त्रींनी. त्यांचा अंगठा एवढा रुंद, की एक अक्षर दाबायला जावे तर शेजारची दोन फुकटात दाबली जात. "हा काय चिमटीत मावणारा फोन दिलाय," असे म्हणून त्यांनी मला खिशात टाकले. तेव्हापासून मी त्यांचा झालो.

पहिल्याच आठवड्यात मी खड्ड्यात पडलो. घाबरू नका. लिफ्टवाल्यांचा खड्डा निराळा असतो. लिफ्ट सगळ्यात खालच्या मजल्यावर जिथे थांबते, त्याच्याही खाली एक खोल चौकोनी जागा असते. चारी बाजूंनी काँक्रीट, खाली ओल, वर लिफ्टचे पोट. मेकॅनिक लोखंडी शिडीने तिथे उतरतात आणि काम करतात. मिस्त्री वाकले आणि मी त्यांच्या खिशातून थेट तळाला. माझे मागचे झाकण निखळले. मिस्त्रींनी ते पुसले आणि लिफ्टच्या दाराचे रबर चिकटवायचा जो गोंद असतो, त्याने चिकटवून टाकले. त्या गोंदाने चिकटलेले रबर वर्षानुवर्षे दाराची उघडमीट होऊनही सुटत नाही, तर माझे झाकण काय सुटणार? ते पुन्हा कधी उघडलेच नाही. मित्रांनो, हे झाकण लक्षात ठेवा.

आता वहिनींविषयी. वहिनी म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी. ऑफिसात तक्रारी घ्यायच्या आणि मेकॅनिकांना मेल करायचे, हे काम त्यांचे. सगळी कंपनी त्यांना वहिनी म्हणे. मॅडमसुद्धा वहिनीच म्हणत. त्यांचे मेल म्हणजे एक मजाच असे. वर काम, खाली ताजा कलम. एक सांगतो:

'मिस्त्री, बाजारामागची उंच इमारत. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे. आत एक आजोबा आहेत. भांडखोर आहेत, पण आत्ता घाबरलेत. आधी त्यांच्याशी बोला, मग वायरींशी. ता. क. येताना साबण. कपड्यांचा. मागच्या वेळी भांड्यांचा आणलात.'

गंमत अशी, की मेलबॉक्स सगळ्यांचा एकच. त्यामुळे मिस्त्रींच्या घरी साबण संपला, की ती बातमी शहरभर पसरलेल्या सगळ्या मेकॅनिकांना त्याच दिवशी कळे. त्यांत लांब्या नावाचा एक मेकॅनिक होता. शिडी न घेता लिफ्टच्या छताला हात पोचतो, म्हणून लांब्या. तो भेटला की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय मिस्त्री, घेतला का साबण? कपड्यांचा बरं का!"

"तू तुझा दोर बघ."

"दोर बघितला. साबण राहतोय तुमचा."

एकदा तर हा पठ्ठ्या स्वतःच साबण घेऊन मिस्त्रींच्या दारात हजर झाला. त्याच वेळी मिस्त्रीही साबण घेऊन जिना चढत होते. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं. आता दोघेही आपापले कपडे धुवा." आम्ही सगळे हसलो. मी खिशात हसलो, म्हणून कुणाला दिसले नाही.

काम मात्र तेव्हा फार गोंधळाचे होते. जुनी पद्धत अशी, की मी अधूनमधून ऑफिसात डोकावायचो आणि आलेल्या मेलची एक नक्कल घेऊन यायचो. इकडे फोनवर काय घडले ते ऑफिसला कळत नसे, ऑफिसात काय घडले ते मला कळत नसे. मिस्त्री झालेल्या कामाचे मेल माझ्यावरून पुसून टाकत. ऑफिसातले ऑफिसात राहात. एकाच लिफ्टपाशी दोन मेकॅनिक समोरासमोर उभे राहात आणि एकमेकांना विचारत, "तू इथे कसा?" कधी अडकलेल्या बाईंचा मेल माझ्याकडे पोचेपर्यंत बाई सुटून, घरी जाऊन, चहा पिऊन, तक्रारीचा दुसरा मेल लिहीत असत.

त्यात खड्ड्यात नेटवर्क नाही. मिस्त्री खाली बसून 'निघालो' असे टाइप करत. ते माझ्याच पोटात राही. वर आल्यावर पुन्हा एकदा बटण दाबावे लागे आणि मिस्त्री ते हमखास विसरत. मग रात्री जेवताना कधीतरी त्यांचा अंगठा चुकून लागे आणि वहिनींच्या फोनवर मेल वाजे. 'निघालो.' मिस्त्री समोर ताटावर बसलेले.

वहिनी चेहरा अगदी गंभीर करून विचारत, "अहो, निघालात म्हणे. कुठवर पोचलात?"

"दुसऱ्या पोळीपर्यंत," मिस्त्री म्हणत.

अशा उशिरा येणाऱ्या उत्तराला वहिनींनी नाव दिले होते, 'खड्ड्यातलं उत्तर'. पुढे सगळी कंपनीच तसे म्हणू लागली. कुणी उशिरा आला की, "आला बघा, खड्ड्यातलं उत्तर!"

शेवटी मॅडमनी ठरवले, की आता नवी पद्धत घ्यायची. ऑफिस आणि फोन यांचे मेल एकमेकांशी जुळते ठेवणारी. तीन कंपन्यांचे तीन विक्रेते आले. तिघांचे बूट चकचकीत. तिघांनी भिंतीवर चित्रे दाखवली. तिघांच्या चित्रांत एक बाण फोनकडून ऑफिसकडे आणि एक बाण ऑफिसकडून फोनकडे जात होता. तिघेही म्हणाले, आमचीच पद्धत उत्तम. मॅडमनी वहिनींकडे पाहिले.

वहिनी म्हणाल्या, "इथे खुर्चीत बसून कुठलाही फोन शहाणाच असतो हो. माझी माणसं खड्ड्यात असतात. परीक्षा तिथे घ्या."

अशा रीतीने ते तीन चकचकीत बूट, म्हणजे सहा, आमच्याच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरले. परीक्षेचा फोन म्हणून माझी निवड झाली. माझी छाती फुगली, पण झाकण चिकटवलेले असल्याने बाहेरून दिसली नाही.

पहिली पद्धत आमच्या जुन्या पद्धतीची थोरली बहीण निघाली. नवे कपडे, स्वभाव तोच. दुसरी फार उतावळी होती. वर नेटवर्क असताना मेल विजेसारखा आणी, पण खड्ड्यात गेली की "नेटवर्क कुठे? नेटवर्क कुठे?" करत अशी धावे, की माझे अंग तापले आणि मला घेरी आली. तिसरी शहाणी होती. खड्ड्यात ती गप्प बसली. मिस्त्रींनी टाइप केलेले उत्तर तिने जपून ठेवले. आम्ही शिडी चढून वर आलो, आणि कुणी काही न दाबता उत्तर आपोआप ऑफिसात हजर झाले.

तिचा विक्रेता खूश होऊन म्हणाला, "इकडे कराल ते तिकडे, तिकडे होईल ते इकडे. फोन आणि ऑफिस, दोघांचा संसार एकच!"

"मग भांडण झालं की काय करायचं?" लांब्याने विचारले.

सगळे खो खो हसले. त्या हसण्यात एक प्रश्न मात्र विचारायचा राहून गेला. संसार एक, तर झाडू कुणी मारायचा आणि तो कुठवर पोचतो?

वहिनी म्हणाल्या, "हीच घ्या. निदान निघालेला माणूस निघाला तेव्हाच कळेल."

नवे फोन यायला अवकाश होता, म्हणून ती पद्धत आधी माझ्यात तशीच राहू दिली. ऑफिसातले सगळे जुने मेल धो धो करत माझ्या पोटात आले. लिफ्टा, दोर, दारे, साबण, सगळे. मी तेव्हा कंपनीतला सगळ्यात जाणता फोन होतो. ते माझे सोन्याचे दिवस.

ते फार टिकले नाहीत.

एके दिवशी मिस्त्री खड्ड्यात उतरत होते, तेवढ्यात वहिनींचा मेल आला. त्यांनी तो शिडीवरच उभे राहून वाचला. खाली जाऊन उत्तर टाइप केले आणि मला पिशवीत टाकले. पिशवीत माझी बॅटरी संपली. काम अर्धेच झाले होते, इतक्यात वरून लांब्या ओरडला, "मिस्त्री, वर या. वहिनींना चक्कर आली, दवाखान्यात नेलंय." मिस्त्री शिडी चढले ते पिशवी खालीच ठेवून. ती नंतर लांब्याने आणली.

वहिनी पुन्हा बोलल्या नाहीत. थोड्या दिवसांनी त्या गेल्या. मी फोन आहे. याविषयी मला याहून जास्त सांगता येत नाही.

नंतर नवे फोन आले. रुंद, चपटे, काचेसारखे. कानामागून आले आणि तिखट झाले. मिस्त्रींनाही एक मिळाला, नव्या सिमकार्डासकट. त्यांनी मला पिशवीतून काढले, पुसले, सुरू मात्र केले नाही. खालच्या खणात ठेवून म्हणाले, "हा राहू दे इथेच. याला कुणी चार्ज करू नका." वहिनींचा मेलचा पत्ता ऑफिसच्या नियमाप्रमाणे बंद झाला. त्यांच्या टेबलावर मॅडम स्वतः बसू लागल्या. मला तेव्हा राग आला होता. इतकी वर्षे चाकरी केली आणि शेवटी खण! पण काही वस्तू माणूस टाकायला म्हणून नाही, बघवत नाही म्हणून खणात ठेवतो. हे मला पुढे कळले.

तर आता पुन्हा त्या सकाळकडे येऊ.

'तिचेपण गेले?' हा मिस्त्रींचा प्रश्न अजून हवेतच होता, तोच शीळ वाजवत लांब्या आत आला.

"काय मंडळी, तोंडं का उतरलीत? मी तर काल मस्त काम केलं. स्पेअर पार्ट यायला वेळ होता, बसलो होतो नुसता. नवा फोन उघडून बघतो तर काय पसारा! कुठल्या कुठल्या वर्षांचे मेल येऊन पडलेत. म्हटलं, असं शोभतं का? सगळं झाडून काढलं. कचरापेटीपण रिकामी केली. चकाचक!"

 त्याची शीळ पुन्हा सुरू झाली आणि मध्येच थांबली.

"तू झाडलंस?" पासवर्ड म्हणाला. "अरे बाबा, तू तिकडे झाडलंस म्हणजे इकडेही झाडलं गेलं. सगळ्यांच्या फोनवरचं गेलं."

"पण जुन्या फोनवर तर मी रोज..."

"तो जुना होता!"

मित्रांनो, ही चूक फक्त लिफ्टवालेच करू शकतात. त्यांचा पहिला धडाच असा असतो: खड्ड्यातून निघताना मागे काही ठेवायचे नाही. एक स्क्रू राहिला, एक फडके राहिले, तरी उद्या कुणाच्या तरी जिवावर बेतते. लांब्याला हा धडा मिस्त्रींनीच दिला होता, आणि त्याने तो इतका नीट गिरवला होता, की त्याच्या खड्ड्यात धूळसुद्धा सापडत नसे.

लांब्या जिथे होता तिथेच खाली बसला. एवढा उंच माणूस, पण मावला म्हणे फरशीच्या दोन चौकटींत. "मिस्त्री, वहिनींचे पण... मी बघितलंच नाही हो."

मिस्त्रींची पावले त्याच्याजवळ आली. मग म्हणाले, "मीच शिकवलं ना तुला. ऊठ. थंड फरशीवर बसू नकोस."

"दुसरीकडे कुठे प्रत असेल ना?" मॅडमनी विचारले.

"ती सोय पुढच्या आठवड्यात लावणार होतो," पासवर्ड म्हणाला. एरवी मोठ्याने बोलणारा माणूस, पण हे वाक्य अगदी हळू आले.

मॅडम टेबलावर बोटे वाजवत होत्या. ती बोटे एकदम थांबली. "परीक्षेचा फोन! त्याच्यात सगळे मेल उतरवले होते. तो कुठे आहे?"

खण उघडला. माझ्यावर उजेड पडला. मॅडमनी मला उचलले आणि चार्जर हातात घेतला.

"थांबा!" पासवर्ड एवढ्या जोरात ओरडला, की मॅडमच्या हातून मी पडता पडता वाचलो. "लावू नका! चार्जर लागला की हा आपोआप सुरू होतो. सुरू झाला की पहिलं काम काय करेल? ऑफिसला विचारेल, काय नवीन? ऑफिस म्हणेल, सगळं पुसलंय. हा म्हणेल, बरं, मीही पुसतो. फार आज्ञाधारक जात आहे ही."

माझी पाचावर धारण बसली. खोटे कशाला सांगू, मी अगदी तसाच आहे. 'होय' म्हणायलाच मला बनवले आहे.

"मग याचं सिमकार्ड काढून घ्या ना," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी मला उलटे केले. झाकण! लांब्याने पेचकस काढला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "नको. तो गोंद माझा आहे. झाकण निघायच्या आधी फोन फुटेल."

"मग अशी जागा हवी," पासवर्ड म्हणाला, "जिथे नेटवर्क औषधालाही नाही."

 लांब्या एकदम ताठ उभा राहिला. त्याचे डोके दिव्याला लागले.

"आहे की आपल्याकडे! तिथे देवाने फोन केला तरी लागणार नाही."

मिस्त्रींनी लिफ्टचा मेन स्विच बंद केला आणि 'काम चालू आहे' ही पाटी लावली. मॅडमनी चपला वर काढून ठेवल्या आणि शिडी उतरल्या. पासवर्ड लॅपटॉप डोक्यावर धरून उतरला, एकेका पायरीला "आई गं" म्हणत. लांब्या दाराशी थांबला. मिस्त्री शेवटी आले, मला शर्टाच्या खिशात घेऊन. कितीतरी दिवसांनी मी त्या खिशात होतो. ग्रीसचा वास तोच होता.

खड्ड्यातल्या भिंतीत अवजारांसाठी सॉकेट असतो. तिथे चार्जर लागला. माझ्यात हळूहळू ऊब आली, पडदा उजळला, आणि सवयीने मी नेटवर्क शोधू लागलो. नाही. नाही. नाही.

मग नेटवर्कची एक दांडी उभी राहिली.

"दार!" पासवर्ड किंचाळला. "दार उघडं आहे! लाव, लाव!"

वरच्या दारात लांब्याचीच पिशवी अडकली होती. त्याने ती ओढली आणि दार धाडकन बंद केले. खाली मिट्ट काळोख झाला. मी ऑफिसला हाक मारायला तोंड उघडलेच होते. दांडी थरथरली आणि गेली. मिस्त्रींच्या हातातली बॅटरी लागली. पासवर्डने माझ्या पडद्यावर दोन ठिकाणी बोट टेकवले आणि एका कोपऱ्यात छोटे विमान उमटले. "झालं," तो म्हणाला. "आता हा कुणाचं ऐकणार नाही." आयुष्यात पहिल्यांदाच मी आज्ञा न पाळायला मोकळा झालो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

लॅपटॉपची वायर मला जोडली आणि मेल एकेक करून बाहेर येऊ लागले. जाताना त्यांची पहिली ओळ लॅपटॉपवर दिसे. मॅडम वाचू लागल्या. आधी मनात, मग मोठ्याने.

"'शाळेजवळची लिफ्ट. दार लागत नाही म्हणतात. बघितल्याशिवाय पार्ट नेऊ नका, बहुतेक कुणीतरी दारात गोळी चिकटवली असेल.'"

"चिकटवली होती!" वरून, दाराच्या फटीतून लांब्या ओरडला. "लिंबाची!"

"'ता. क. लांब्याला जेवायला आणा. त्याच्या घरची मंडळी गावाला गेलीत आणि तो बिस्किटांवर आहे.'"

 दारामागे कुणीतरी नाक ओढले.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून एक काकू खाली ओरडल्या, "अहो, लिफ्ट चालू आहे की नाही? माझ्या हातात पिशव्या आहेत!"

"जिन्याने या काकू, तब्येत सुधारेल!" लांब्याने नाक ओढत ओढतच उत्तर दिले.

खड्ड्यात तिघेही हसले. त्या खड्ड्यापाशी एवढे हसणे याआधी एकदाच झाले होते, परीक्षेच्या दिवशी. मिस्त्री हसता हसता भिंतीला टेकले आणि तसेच टेकून राहिले.

सगळे मेल उतरून झाल्यावर पासवर्ड म्हणाला, "एक राहिलाय. हा आलेला नाही, पाठवायचा आहे. नेटवर्क मिळायची वाट बघतोय. पाठवू की..." त्याने पत्ता पाहिला आणि तो थांबला.

मिस्त्रींनी मला त्याच्या हातून घेतले. बॅटरीच्या उजेडात वाचले. वर वहिनींचा मेल होता: 'मिस्त्री, काम झालं की दार दोनदा तपासा. ता. क. रविवारी कुंड्यांची माती बदलायची आहे. हात लावायला याल ना?' आणि खाली मिस्त्रींच्या रुंद अंगठ्याने लिहिलेले: 'येतो. तू जड उचलू नकोस.'

"खड्ड्यातलं उत्तर," मिस्त्री म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. पासवर्डने उगाचच लॅपटॉपची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

संध्याकाळपर्यंत सगळे मेल ऑफिसात जागच्या जागी बसले. मी बंद पडल्यानंतर आलेले जे होते, ते गेले ते गेलेच. त्यांची कामे मेकॅनिकांनी डोके खाजवून आठवली. मॅडमनी विचारले, "ही पद्धत बदलायची का? दुसरी बघू?"

"पद्धतीत खोट नाही," मिस्त्री म्हणाले. "तिने नीट पारखून घेतलीय. आपणच नीट समजून घेतली नाही."

म्हणून पद्धत तीच राहिली. फक्त पासवर्डने तीत थोडा बदल केला. आता मेकॅनिकने फोनवर मेल पुसला, की तो नाहीसा होत नाही. 'झालेली कामे' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जाऊन बसतो. शिवाय सगळ्याची एक प्रत दुसऱ्या जागी रोज आपोआप तयार होते. लांब्या अजूनही झाडझूड करतो, पण आधी ओरडून विचारतो, "झाडू का? कुणाचं काही आहे का यात?" सगळे म्हणतात, "झाड बाबा, झाड." तरी तो पुन्हा एकदा विचारतो.

मी आता ऑफिसात नसतो. मिस्त्रींनी मॅडमना विचारून मला घरी आणले. त्यांच्या खिडकीत, कुंड्यांच्या शेजारी माझी जागा आहे. कोपऱ्यातले विमान कधी पुसायचे नाही, अशी पासवर्डची सक्त ताकीद आहे. रविवारी सकाळी मिस्त्री मला चार्जर लावतात, चष्मा चढवतात आणि एखादा मेल वाचतात. काम वाचून मान हलवतात, ताजा कलम वाचून हसतात. परवा साबणाचा निघाला. वाचून झाल्यावर ते उठले आणि खरेच साबण घेऊन आले. कपड्यांचा.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात माझा एखादा भाऊबंद पालथा पडलेला असेल. त्याला भंगारात द्यायच्या आधी एकदा विचारा, याच्यात कुणाचे काय आहे? नीटनेटके राहा, पसारा आवरा, मी स्वतः लिफ्टवाल्यांच्या हाताखाली वाढलो आहे, मला पसारा आवडत नाही. पण जे एकच आहे, ते पुसायच्या आधी त्याची आणखी एक प्रत कुठेतरी ठेवा. आणि पुसण्यापूर्वी घरातल्या माणसांना हाक मारा. लांब्यासारखी, मोठ्याने.

माझी बॅटरी आता फार वेळ टिकत नाही. पण मला कुठे जायचे नाही. गेल्या रविवारी लांब्या आला, बाह्या सरसावून बसला, आणि त्या दोघांनी मिळून कुंड्यांची माती बदलली. जड कुंड्या लांब्याने उचलल्या. ते काम झाले.

उत्तर मात्र अजून माझ्याकडेच आहे. ते पाठवायचे राहिले आहे.